हँडल अजून थोडं वर

निमामावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या गॅरेजमध्ये, स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालवायच्या गाडीवर, डोळे मिटून बसलेल्या. अंगात सुती गाऊन, त्यावर नवऱ्याचा, मधुकाकांचा, जुना स्वेटर, पायात जाड लोकरी मोजे. गाडी स्टँडवर चढवलेली आणि बंद. मावशींचे दोन्ही हात पुढे, हवेतच.

मी ईडन प्रेरीत नवा होतो. पुण्याहून अमेरिकेच्या दक्षिणेतल्या प्लेनोला आलो होतो आणि तिथल्या उन्हातून कंपनीनं मला थेट मिनेसोटात आणून टाकलं होतं. घरात बर्फ उपसायचं फावडं लागतं, हे पहिला बर्फ पडल्यावर कळलं. समोरच्या मेलबॉक्सवर 'खानझोडे' असं नाव वाचलं होतं, म्हणून धीर करून गेलो.

"मावशी, फावडं मिळेल का?" मी दारातून विचारलं.

"भिंतीला टांगलं आहे, ने," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "पण आधी सांग, माझे हात कुठे आहेत?"

"हँडलच्या वर आहेत. चारेक बोटं वर. आणि थोडे मागे."

"हाच तं प्रॉब्लेम आहे ना बाप्पा." त्यांनी डोळे उघडले आणि मला आपादमस्तक पाहिलं. "नाव काय तुझं? समीर? समीर, तू पाठीला पोक काढून काहून उभा राहतो?"

असा आमचा परिचय झाला. फावडं मी त्या हिवाळ्यात परत केलंच नाही, त्यामुळे ते मागायला जायचं निमित्तही उरलं नाही. मी असाच जाऊ लागलो.

डॉक्टर निर्मला खानझोडे मूळच्या अमरावतीच्या. नागपूरला शिकल्या आणि नवऱ्याबरोबर इकडे आल्या त्या काळी मिनियापोलिसच्या आसपास मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर. उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा. इतकी वर्षं इथे काढूनही त्यांचं 'काय करून राहिला' आणि 'मी तं गेलीच नाही' सुटलं नव्हतं. आमच्या मराठी मंडळातल्या पुणेरी बायका त्यावर हसत. मावशी त्यांना म्हणत, "हसा. तुमचं मराठी इस्त्रीचं आहे, माझं अंगावरचं आहे."

माणूस कसा बसतो याचं त्यांना विलक्षण वेड होतं. कुणाच्या घरी जेवायला गेल्या की आधी खुर्च्या सरकवत. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकमध्ये ताट घेऊन उभं असताना अचानक पाठीच्या कण्यावर कुणाचं तरी बोट टेकायचं, आणि मागे मावशी असायच्या. माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा चहा होईपर्यंत त्यांनी माझा मॉनिटर दोन जाडजूड पुस्तकांवर चढवून ठेवला होता. मी हसलो तर म्हणाल्या, "हसू नको. बेशुद्ध माणूस सांगू शकत नाही की डॉक्टर, माझा खांदा पिळवटून राहिला. टेबलावर त्याचा हात कुठे ठेवायचा, मान किती वळवायची, हे सगळं आपण पाहाचं असते. नाही पाहिलं तर अपेंडिक्स बरं होते आणि हात कायमचा बधिर होते."

स्नोमोबाइलचं खूळ त्यांनी पन्नाशीनंतर घेतलं. त्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये डेल नावाचा एक तंत्रज्ञ होता, उत्तरेकडच्या खेड्यातला, दाढीवाला, मितभाषी. त्यानं एकदा सगळ्या स्टाफला आपल्या तलावाकाठच्या घरी बोलावलं आणि मावशींना मागे बसवून एक फेरी मारून आणली. परत आल्यावर त्या उतरल्या, डेलला खाली उतरायला लावलं आणि स्वतः पुढे बसल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या तलावावर छोटीशी केबिन घेतली.

"आयुष्यभर स्टुलावर बसून दुसऱ्याचा श्वास पाहिला," त्या मला एकदा म्हणाल्या. "इथे हेल्मेट घातलं की फक्त आपला श्वास ऐकू येते."

मधुकाका स्थापत्य अभियंता. जमीन किती भार पेलेल, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. ते केबिनवर सोबत जायचे, खिडकीत शब्दकोडं घेऊन बसायचे, पण गोठलेल्या तलावावर कधी पाऊल टाकायचे नाहीत. "वर ट्रक चालतात हे मला दिसतं," ते म्हणायचे, "पण खाली पाणी आहे हे मला माहीत आहे." मावशी तलावाच्या मध्यावरून हात हलवायच्या. काका खिडकीतून हात हलवायचे. त्यांचं लग्न त्या दोन हातांच्या अंतरावर छान चाललं होतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गॅरेजमध्ये जे चाललं होतं, त्याचं कारण असं की मागच्या हिवाळ्यापासून मावशींचा उजवा हात, विशेषतः अंगठा, गाडी चालवताना बधिर होऊ लागला होता आणि खांदा भरून यायचा. दोष हँडलचा आहे असं त्यांनी ठरवलं. ते खरंही वाटत होतं. हँडल खाली आणि लांब होतं, त्यामुळे त्यांना पुढे ओणवं होऊन सगळा भार मनगटांवर घ्यावा लागायचा. त्यांचं तत्त्व सरळ होतं. डोळे मिटून बसायचं, हात आपोआप जिथे जातील तिथे हँडल पाहिजे. "आपण हँडलपाशी नाही जायचं. त्यानं आपल्यापाशी यायचं."

त्यासाठी रायझर लागतो. हँडल आणि त्याखालचा उभा दांडा यांच्या मध्ये बसवायचा ॲल्युमिनियमचा ठोकळा. मावशींनी तो मागवला आणि एका शनिवारी सकाळी मला बॅटरी धरायला बोलावलं. बोल्ट काढणं, ठोकळा बसवणं, हँडल परत आवळणं, हे त्यांनी मधे मधे कॉफी पीत आरामात केलं. मी म्हटलं, झालं.

"काय झालं? खरं काम तं आता आहे." त्यांनी हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, मग पूर्ण उजवीकडे. उजवीकडे वळताच थ्रॉटलची केबल ताणली गेली. थ्रॉटल म्हणजे उजव्या अंगठ्याखालची पट्टी. ती दाबली की गाडी पळते. "पाह्य. हँडल वर गेलं, पण केबल तेवढीच. आता मी जंगलात वळण घेईन आणि गाडी आपल्या मनानं पळेल. सरळ असताना सगळं ठीक दिसते रे. वळवून पाहिल्याशिवाय कळत नाही कुठे ताणून राहिलं."

लांब केबल आली, ब्रेकची नळी वेगळ्या वाटेनं फिरवली, मुठी गरम करणाऱ्या तारा मोकळ्या केल्या. त्यानंतरच्या रविवारी केबिनवर मावशी गाडीवर बसल्या त्या अगदी ताठ. डेल नुसता "लुकिंग टॉल, डॉक" म्हणाला. फेरी मारून परतल्यावर मावशींचा चेहरा थंडीनं लाल झाला होता. "खांदा गेला!" त्या ओरडल्या. म्हणजे दुखणं गेलं. काकांनी खिडकीत टाळ्या वाजवल्या.

खांदा खरंच बरा झाला. अंगठा झाला नाही.

मग मावशींनी हँडलच बदललं. नवीन हँडल रायडरकडे जास्त वाकलेलं होतं. त्यानं दोन-तीन फेऱ्या सुखात गेल्या. मग थ्रॉटलच्या पट्टीला लांब पट्टी जोडली, म्हणजे अंगठ्याला कमी जोर लागावा. मग मुठी जाड वाटल्या म्हणून बारीक मुठी आल्या. दर वेळी एखादा आठवडा बरं वाटायचं आणि त्या फोन करायच्या, "समीर, सापडलं रे! मुठीचाच घोळ होता." मी अभिनंदन करायचो. आम्ही दोघंही मनापासून बोलत असू.  इतकी हुशार डॉक्टर, पण स्वतःच्या हाताऐवजी सतत हँडलकडे पाहत होती.

फेब्रुवारीतली दुपार होती. मी आणि काका केबिनच्या पायऱ्यांवर उभे होतो. मावशी आणि डेल तलावावरून परतत होते. किनाऱ्याजवळ वाळलेल्या लव्हाळ्याचा पट्टा होता, तिथे डावीकडे वळायचं. डेल वळला. मावशींची गाडी सरळ लव्हाळ्यात घुसली, उसळली, आणि त्या बाजूला फेकल्या गेल्या. जॅकेटला बांधलेली सुरक्षेची दोरी गाडीतून निसटली तशी गाडी जागच्या जागी बंद पडली.

माझ्या आधी काका धावले. घरातल्या सपाता पायात, अंगात कोट नाही, बर्फाच्या त्या तलावावरून सत्तरी ओलांडलेला माणूस धावत होता. मध्येच घसरून पडले, उठले, परत धावले. मी आणि डेल पोचलो तेव्हा मावशी पाठीवर पडून हसत होत्या.

"मधु, तू बर्फावर आला!" त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं बोलावून राहिली, तेव्हा नाही आला."

"लागलं का? निमा, कुठे लागलं?"

"कुठेच नाही. अंगठा उचललाच नाही रे वेळेवर. गार पडला असेल." त्यांनी दातांनी उजवा हातमोजा ओढून काढला आणि हात चोळायला तोंडासमोर धरला.

मग त्यांचं हसू थांबलं.

स्वच्छ ऊन होतं आणि बर्फावरून ते दुप्पट होऊन येत होतं. त्या आपला हात उलटसुलट करून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "समीर, तुझा हात दाखव." मी दाखवला. त्यांनी माझा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग चिमटीत धरला, सोडला, आणि स्वतःचा तोच भाग पाहिला. माझ्या हातावर तिथे उंचवटा होता. त्यांच्या हातावर खळगा होता.

"काय गं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. चला, चहा करू. तू गारठशील."

 चहा पिताना त्यांनी कपबशी डाव्या हातात धरली होती.

निदान व्हायला उन्हाळा लागला, पण मला वाटतं त्यांना ते त्या लव्हाळ्यातच कळलं होतं. मज्जातंतूंचा आजार. स्नायू एकेक करून सुकत जातात आणि बुद्धी शेवटपर्यंत लख्ख राहते. मला त्यांनी स्वयंपाकघरात भेंडी चिरायला बसवून सांगितलं. "आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. क्रम मागेपुढे होते. औषध आहे म्हणायला." मी चिरायचा थांबलो. "भेंडी चीर. चिकट होईल," त्या म्हणाल्या.

"मावशी, सेकंड ओपिनियन—"

"घेतलं. थर्डही घेतलं. सगळे माझे ओळखीचे आहेत रे. बिचारे माझ्याकडे पाहतच नाहीत बोलताना." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी काही चिडली वगैरे नाही. पण मला एक नाही समजून राहिलं. इतक्या लोकांचे हात मी टेबलावर नीट ठेवले, पट्ट्यांनी हलके बांधले, खाली मऊ घडी ठेवली. मग माझ्याच हाताकडे मी पाहिलं कसं नाही?"

 मी भेंडी चिरत राहिलो.

त्यांची मुलगी अदिती दक्षिणेकडे, कॅरीला असते, औषधांच्या कंपनीत. ती रोज व्हिडिओ कॉल करायची. "आई, प्लीज, तुम्ही दोघं इकडे या. वन फ्लोअर हाउस आहे, हवा चांगली आहे." मावशी म्हणायच्या, "एक हिवाळा करू दे." अदिती कॅमेरा बंद करायची आणि फक्त आवाज यायचा, "ओके आई."

त्या शेवटच्या हिवाळ्याआधी काका बदलले. ज्या माणसानं कधी त्या गाडीचं झाकण उघडलं नव्हतं, तो माणूस गॅरेजमध्ये मुक्कामाला गेला. व्हिडिओ पाहायचा, कॅटलॉग चाळायचा, मला मोजपट्टी धरायला लावायचा. डेलला फोन करून अडखळत विचारायचा की अंगठ्याऐवजी सगळ्या बोटांनी ओढायचा थ्रॉटल मिळतो का. मिळाला. तो बसवला. मावशींचे खांदे आता फार खाली झुकत होते, म्हणून काकांनी आधीच्यापेक्षा उंच रायझर मागवला. परत सगळ्या केबल्स बदलल्या. सगळं पाणसळी लावून तपासलं, जणू पूल बांधत होते.

एक दिवस सकाळी त्यांनी मला बोलावलं. आम्ही दोघांनी मावशींना धरून गॅरेजमध्ये आणलं आणि गाडीवर बसवलं. काकांनी त्यांचा एक हात उचलून मुठीवर ठेवला, मग दुसरा ठेवला. बोटं एकेक करून मुठीभोवती गुंडाळली. मग दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"डोळे मिट," काका म्हणाले.

मावशींनी डोळे मिटले.

"हात बरोबर जागेवर आहेत ना? खांद्याला ताण नाही ना?"

"नाही."

"आता ओढून बघ."

काही झालं नाही. मावशींच्या कपाळावर आठ्या आल्या, मानेची शीर ताठ झाली. बोटं तशीच राहिली. मग डावा हात मुठीवरून सुटला आणि मांडीवर पडला. काकांनी तो उचलून पुन्हा ठेवला. तो पुन्हा पडला.

"अजून थोडं वर घेऊ का?" काका म्हणाले. "अर्धा इंच. कोनही जरा बदलू. मला वाटतं केबल कडक आहे, नवीन आहे ना. तेल सोडतो."

"मधु."

"पाच मिनिटांचं काम आहे. समीर, तो पाना दे."

"मधु, आता हँडलचा काही दोष नाही."

काका पाना शोधत राहिले. तो त्यांच्या समोरच होता. मी उचलून दिला, तर त्यांनी घेतला आणि पाठमोरे उभे राहिले.  शेवटी मावशी म्हणाल्या, "पण बसायला किती छान झालं रे. पाठ टेकली असती तं झोप लागली असती." त्यांचा आवाज तेव्हा थोडा जड येऊ लागला होता. काकांनी मान हलवली, वळले नाहीत.

जानेवारीत डेलनं त्यांना आपल्या गाडीवर मागच्या सीटवर बसवून, पट्ट्यांनी त्यांना स्वतःशी बांधून घेऊन, तलावाला एक फेरी मारून आणली. काका बर्फावरून, घोट्यापर्यंतच्या बुटांत, गाडीमागे चालत राहिले. ती दिसेनाशी झाली तरी चालत राहिले. मी किनाऱ्यावर उभा होतो. वसंतात काका-मावशी कॅरीला गेले. मावशींची गाडी डेलनं नेली. त्यानं ती कुणाला तरी दिली असेल. मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी ऑफिसच्या कामानं मला त्या बाजूला जावं लागलं. परतीच्या विमानाआधी दुपारचे काही तास मोकळे होते. कॅरीत तेव्हा ऊब होती, लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते, पाइनच्या सुया रस्त्याकडेला साचल्या होत्या. काकांनी दार उघडलं. फार बारीक झाले होते. मावशी खिडकीशी चाकांच्या मोठ्या खुर्चीत होत्या. नाकावर श्वासाचा मास्क होता, बाजूला यंत्र एका लयीत फुस् फुस् करत होतं. समोर एक स्क्रीन. त्यावरच्या एकेका अक्षरावर नजर रोखून त्या वाक्य जुळवत, आणि स्क्रीन ते बोलून दाखवत असे. हात उशीवर ठेवलेले होते.

मी जवळ बसलो. त्यांचे डोळे हलू लागले. बऱ्याच वेळानं स्क्रीनमधून एका तरुण अमेरिकन बाईचा आवाज आला, "के करुन राहिला बापा."

मला कळायला क्षण लागला. मग मी हसलो, आणि मावशीही हसल्या. पण ते हसू थांबेना. चेहरा वाकडा होत गेला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते हसू आहे की रडू आहे हे मला ओळखता येईना. काका शांतपणे आले आणि रुमालानं गाल पुसू लागले. "आजारामुळे होतं असं," ते म्हणाले. "सुरू झालं की तिला थांबवता येत नाही. तिला वाईट वाटतंच असं नाही."

"वाटत असेल तर?"

"तर तेही असंच दिसतं," काका म्हणाले.

मी मिनेसोटाच्या गप्पा मारल्या. मंडळाच्या गणपतीत कोणाचं भांडण झालं, डेलला नात झाली. त्या पापण्या मिटून हो म्हणत होत्या. मग त्यांनी परत लिहायला घेतलं. एकेक अक्षर. मला स्क्रीनची मागची बाजू दिसत होती. मी थांबलो. घड्याळ पाहू नये म्हणून खिडकीबाहेर पाहिलं. शेजारी कुणीतरी हिरवळीवर पाणी मारत होतं. काका बराच वेळ खुर्चीच्या दांड्याला धरून उभे होते.

"तू निघ," शेवटी ते हळूच म्हणाले. "फ्लाइट चुकेल. तिला वेळ लागतो. काय लिहिलं ते मी मेसेज करतो."

मी मावशींच्या पायाला हात लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर चालू शब्द मोडला असता.

संध्याकाळी विमानतळावर काकांचा मेसेज आला: "लिहिलेलं तिनं पुसलं. विचारलं तर म्हणाली, राहू दे." उन्हाळ्यात मावशी गेल्या. अदितीनं फोन केला होता.

मला मावशी आठवतात त्या मात्र कॅरीतल्या त्या दुपारच्या. मी गाडीत बसलो होतो, किल्ली लावली होती, आणि समोर घराच्या खिडकीच्या काचेतून त्या दिसत होत्या. आजूबाजूचं काही हलत नव्हतं. फक्त डोळे स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे जात होते, परत येत होते, आणि पुन्हा जात होते.